बुद्धिबळाच्या पटावरचा हिशेब
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



बुद्धिबळ शोधणाऱ्या सिस्साने राजाकडे इनाम मागितले: पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करीत जावे. ही दंतकथा आपण ऐकली असेल. चौसष्ट घरांची बेरीज होते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरले, तर आज जगात पिकणारा सगळा गहू शेकडो वर्षे साठवूनही राजा देणेकरीच राहील. गोष्ट सांगणारे बहुधा येथेच थांबतात. मला त्या संख्येविषयी बोलायचे आहे.

ख्वारिज्मचे अबू रैहान अल्-बिरूनी (जन्म ९७३) यांनी इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या 'अल्-आसार अल्-बाकिया' या ग्रंथात ही संख्या बिनचूक दिली आहे. त्यांनी चौसष्ट आकडे मांडून बेरीज केली नाही. पाचव्या घरात १६ दाणे. १६ चा वर्ग २५६, तो नवव्या घरात. २५६ चा वर्ग ६५,५३६, तो सतराव्या घरात. पुन्हा वर्ग केला की तेहतिसावे घर येते आणि आणखी एकदा केला की पटाबाहेरचे, कल्पनेतले पासष्टावे. त्यातून एक वजा केला की साऱ्या पटाची बेरीज मिळते. १, २ आणि ४ यांची बेरीज ८ उणे १ होते, तसेच हे.

मुलगी किंवा मुलगा आकडेमोडीत सावकाश आहे, म्हणून दहावीनंतर गणित सोडायला लावणारे पालक मला दरवर्षी भेटतात. हे मुद्दाम त्यांच्यासाठी सांगितले. चौसष्ट घरांचे काम चार गुणाकारांत कसे उरकावे हे ज्याला सुचते, त्याचे पाढे थोडे अडखळले तर काय बिघडले?

आता नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी इकडे लक्ष द्यावे. आपली संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात उणे १. दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र पुन्हा पुन्हा लावले की तिचे अवयव पडतात: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७. पहिले पाच अवयव मूळ संख्या आहेत. शेवटचाही मूळच असणार, अशी फ्रान्सच्या फर्माची समजूत होती. ऑयलरने १७३२ मध्ये ती खोटी ठरवली.

ती कशी, यातच खरी गंमत आहे. या शेवटच्या अवयवाला भाग जाईल अशी मूळ संख्या ६४ ने भागल्यावर बाकी १ उरणारीच असली पाहिजे, हे ऑयलरनेच पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचवीने पूर्ण भाग जातो. भागाकार ६७,००,४१७, तोही मूळ. ६४१ पर्यंत एकंदर ११६ मूळ संख्या आहेत, पण तपासाव्या लागल्या पाचच.

हे पाचही भागाकार घरी करून पाहा. पहिल्या चारांत बाकी किती उरते ते वहीत लिहून आणा; शनिवारी मी येथेच आहे.