जात्यावरची चाल आणि मैफलीतला राग



देऊळघाटला माझ्या आत्याचं घर आहे. काही वर्षांपूर्वी तिच्या ओव्यांची चाल टिपून घ्यावी म्हणून मी पेटी घेऊन गेलो. ती गाऊ लागली, मी पट्ट्या चाचपू लागलो. चाल अवघी चार सुरांची, पण तिचा गंधार काही केल्या सापडेना. कोमल पट्टी दाबावी तर तो वर, शुद्ध दाबावी तर खाली! (आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षे पेटीला दूर ठेवलं होतं, ते अगदीच उगीच नव्हतं.) शेवटी मी काय केलं? आत्यालाच दुरुस्त केलं. शुद्ध गंधार लावून ती ओवी शाळेच्या संमेलनात मुलींकडून म्हणवून घेतली. टाळ्या पडल्या. आत्या मात्र म्हणाली, "शब्द माहे हायेत रे, चाल माही नाही."

ही चूक माझ्या ध्यानात आली ती कुमार गंधर्वांमुळे. १९४८ साली ते क्षयाने आजारी होऊन माळव्यात देवासला आले. गाणं बंद. सुमारे पाच वर्षे अंथरुणावर. गाणाऱ्याला गायची बंदी म्हणजे काय, कल्पना करा! त्या काळात बायाबापड्यांची माळवी गाणी कानांवर येत. पुढे त्यांनी ती मिळवली, स्वरलिपीत उतरवली.

मैफलीत लोकगीत पूर्वीही येत होतं, पण बहुधा शेवटी, पानातल्या चटणीसारखं. मांड, पहाडी यांची नावंच मुलुखाची, तरी त्यांना मोठ्या ख्यालाचा मान क्वचितच मिळाला. कुमारांनी धून मैफलीच्या मध्यभागी आणली. आता पाहा, धून चार-पाच सुरांत फिरते, लगेच मूळ जागी येते. राग तेवढ्यावर भागत नाही. त्याला सप्तकभर हिंडावं लागतं. मग नसलेले सूर आणायचे कुठून? माझ्यासारखा मास्तर ते पुस्तकातून आणतो. कुमार धुनेलाच विचारत : तू कुठे थांबतेस, कोणत्या सुराला नुसता स्पर्श करून परततेस? त्या वळणाला न दुखवता पुढची वाट काढायची. अशा रागांना त्यांनी 'धुनउगम' म्हटलं. मालवती, संजारी, अहिमोहिनी ही त्यांतली नावं. 'अहि' म्हणजे साप. गारुड्याची पुंगी ऐकलेल्यांना हे नाव समजावून सांगायला नको. १९६५ सालच्या 'अनूपरागविलास' या ग्रंथात त्यांच्या बंदिशी छापलेल्या आहेत.

शिक्षकबंधूंनो, गावातली गाणी टिपायला जाल तेव्हा पेटी घरी ठेवा. आवाज मुद्रित करा, आणि थांबण्याच्या जागा आधी ऐका. घरोघरी चक्कीचं पीठ आलं, तेव्हा वेळ थोडा आहे.

मी पुन्हा आत्याकडे गेलो, या खेपेला रिकाम्या हाती. म्हटलं, "आत्या, ती ओवी म्हण." ती चुलीपुढे उभी होती. म्हणाली, "उभ्यानं कशी म्हनू? हातात खुंटा नसला तं चाल येत नाही." मग आम्ही दोघांनी माळ्याखालचं जातं ओढून काढलं.