खारं पाणी : पाणी की खनिज?

 

आपल्या फोनच्या बॅटरीत लिथियम असतं. जगातलं बरंचसं लिथियम दक्षिण अमेरिकेतल्या उंचावरच्या मिठाच्या मैदानांतून येतं. तिथं जमिनीखालचं खारं पाणी पंपानं वर काढून उथळ तलावांत सोडतात. उरणच्या मिठागरांसारखंच, ऊन आणि वारा पुढचं काम करतात. वर्ष-दीड वर्षात बहुतेक पाणी वाफ होऊन जातं, मागे लिथियम राहतं.

कायद्याचा पेच इथेच आहे. हे पाणी म्हणायचं की खनिज? अर्जेंटिनात ते खनिज धरलं जातं आणि खाणपट्टे प्रांतिक सरकारं देतात. पाणी मानलं असतं, तर शेजारच्या गावांना आणि जनावरांना किती उरेल हा प्रश्न आधी आला असता. खनिज म्हटलं की तो मागे पडतो. शिवाय प्रत्येक कंपनीच्या प्रकल्पाचा परिणाम वेगळा मोजला जातो. पाणी मात्र जमिनीखाली एकच असतं.

कातामार्का प्रांतातल्या ओम्ब्रे मुएर्तो मैदानात 1990च्या दशकापासून लिथियम काढलं जातंय. तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या प्रमुखांनी दाद मागितली. मार्च 2024 मध्ये प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सगळ्या प्रकल्पांचा एकत्रित परिणाम आधी तपासा, तोपर्यंत त्या भागात नवे परवाने देऊ नका.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. जानेवारी 2024 मध्ये 'काबिल' या भारताच्या सरकारी कंपनीनं याच प्रांताच्या दुसऱ्या भागात पाच पट्ट्यांसाठी करार केला. क्षेत्र 15,703 हेक्टर. कंपनी सरकारी, म्हणजे त्या करारात आपलाही वाटा आहे आणि जबाबदारीही.

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. अब्यज बिन हम्माल (रजि.) यांनी यमनमधल्या मआरिबची मिठाची खाण मागितली. प्रेषितांनी (स.) ती दिली. मग कुणीतरी लक्षात आणून दिलं की ती तर न आटणाऱ्या पाण्यासारखी, सर्वांच्या उपयोगाची आहे. प्रेषितांनी (स.) ती परत घेतली. यावरून फुकहांनी नियम काढला : जे उघड्यावर आहे, सर्वांच्या गरजेचं आहे, ते एकाच्या मालकीचं करता येत नाही.

लिथियम उघड्यावर पडलेलं नाही. त्याला भांडवल आणि कष्ट लागतात. म्हणून हा नियम जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण त्यामागची रीत लागू होते. देण्याआधी काय देतोय ते पाहा. नवी माहिती समोर आली, तर दिलेला शब्दही तपासा.

इलेक्ट्रिक गाड्यांना माझा विरोध नाही. धूर कमी व्हायलाच हवा. पण आपल्या शहरातली स्वच्छ हवा दुसऱ्याच्या विहिरीच्या जिवावर नको. म्हणून तुमच्याकडे एकच काम मागतो. माहिती अधिकारात अर्ज करा आणि विचारा : त्या पट्ट्यांखालच्या पाण्याचा अभ्यास झाला का? तिथल्या लोकांना विचारलं का? अर्जाची फी दहा रुपये आहे.