जुना संगणक, नवा पडदा



भाईंदर पूर्वेला इंद्रलोक नावाची वस्ती आहे. नाव स्वर्गाचं, पण काळज्या आपल्यासारख्याच! तिथं राहणारे माझे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, मला म्हणाले, "सर, घरातला संगणक भंगारात द्यावा म्हणतो. सुरू होईतो चहा पिऊन होतो. पण नातीची दहावीची टिपणं त्यात आहेत. ती जातील का हो?"

मी म्हटलं, "गुरुजी, थांबा. आधी पडदा बदलून पाहू."

हा पडदा कोणता? गुरुजींच्या संगणकावर लिनक्स होतं. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं त्याचा गाभा लिहिला. हा गाभा पडद्याआडून यंत्र चालवतो. आपल्याला दिसतात त्या खिडक्या, याद्या, चित्रं. त्यांची मांडणी म्हणजे डेस्कटॉप. लिनक्समध्ये तो गाभ्यापासून वेगळा असतो, म्हणून बदलता येतो. १९९६ साली केडीईचं काम सुरू झालं, १९९७ साली ग्नोमचं. एक्सएफसीई हा त्यांच्यापेक्षा हलका. तिन्ही फुकट मिळतात.

जत्रेतलं नाटक आठवा. राजवाड्याचा पडदा गुंडाळून रानाचा सोडला, तरी नट तेच आणि पेटी-तबलाही तोच. तसंच इथं. नातीची टिपणं 'होम' नावाच्या कप्प्यात असतात. डेस्कटॉप बदलल्यानं ती हलत नाहीत. तरीही आम्ही आधी त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. सावधपणा कधी वाया जात नाही.

मग इंटरनेट जोडून एक्सएफसीई उतरवून घेतला. जुना डेस्कटॉप मात्र काढला नाही, आणि हीच या कामातली खरी मेख आहे. नवं घर अंगवळणी पडेपर्यंत जुन्याची किल्ली टाकू नये. मग लॉग-आउट केलं. उबंटूमध्ये आपल्या नावावर टिचकी मारली, की कोपऱ्यात दातेरी चाकाचं चित्र दिसतं. त्यात एक्सएफसीई निवडला आणि मग पासवर्ड दिला. परत जायचं झालं तर त्याच चाकातून जुना निवडायचा.

दोन अडचणी आल्या. याद्यांत एकाच कामाची दोन-दोन साधनं दिसू लागली. त्यानं काही बिघडत नाही. दुसरं, मराठी कळफलक नव्या डेस्कटॉपमध्ये पुन्हा लावावा लागला. टिपणांतली मराठी मात्र जशीच्या तशी होती.

संगणक तरुण झाला का? नाही. मेमरी चारच जीबी. इंटरनेटची दहा पानं एकदम उघडली तर तो अजूनही धापा टाकतो. खराब झालेली डिस्क काही पडदा बदलून सुधारत नाही. पण डेस्कटॉपच कमी मेमरी खाऊ लागला, की उरलेली आपल्या कामाला येते. लिहिणं-वाचणं आता सुखानं होतं. नातीची परीक्षा याच संगणकावर पार पडेल.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शाळेच्या कोपऱ्यात लिनक्सचे जुने संगणक धूळ खात असतील, तर एकच घ्या. त्यावर वेगळ्या नावाचं खातं उघडा आणि त्यात हा प्रयोग करा. मुलांनाही दाखवा, की दिसतं ते रूप वेगळं आणि चालवणारं यंत्र वेगळं. एवढं मुलांना उमगलं, तर धडा सार्थकी लागला.

आणि भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी पडदा एकदा बदलून पाहा.