राग काढून टाकता येतो का?



कार्यक्रमपत्रिकेवर विषयाचं नाव फार भारदस्त छापलंय. मी त्यातला एकच प्रश्न उचलणार आहे. राग आला की तो बाहेर काढून टाकावा, कोंडला तर कधीतरी स्फोट होतो, असं आपण अगदी सहज मानतो. कुकरची वाफ डोळ्यांसमोर असतेच. मोठमोठ्या माणसांनीही हेच चित्र वापरलंय. फ्रॉइड यांनी विनाशाची ओढ मुळातच माणसात असते असं मांडलं. कोनराड लोरेन्झ यांनी १९६३च्या आपल्या पुस्तकात आक्रमक ऊर्जा आत साठत जाते आणि वाट शोधत राहते, असा सिद्धान्त सांगितला. लोरेन्झ यांचा खरा अभ्यास मासे आणि हंसांचा. तिथून माणसापर्यंतची उडी त्यांनी जरा बेधडकच मारली, असं माझं मत आहे.

१९३९ साली येल विद्यापीठात जॉन डोलार्ड आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी प्रश्न वेगळ्या बाजूने पाहिला. माणसाची वाट अडली की वैफल्य येतं, आणि त्यातून आक्रमकता उपजते. साहेब ऐकवतो, साहेबाला उलट बोलता येत नाही, मग घरी येऊन पोरांवर तोंडसुख घेतलं जातं. आपल्या आज्यांनी वड्याचं तेल वांग्यावर निघताना पाहिलं होतं, त्यासाठी त्यांना येलला जावं लागलं नाही! पण त्या पाचांपैकीच नील मिलर यांनी १९४१ मध्ये दुरुस्ती केली: वैफल्यातून अनेक गोष्टी निघू शकतात, आक्रमकता ही त्यांतली एक.

मग ती केव्हा निघते? १९५२ साली निकोलस पास्टोर यांनी विद्यार्थ्यांपुढे काही प्रसंग ठेवले. एक असा: तुम्ही थांब्यावर उभे आहात आणि ड्रायव्हर मुद्दाम बस न थांबवता निघून जातो. दुसरा: बस तशीच जाते, पण ती डेपोकडे निघालेली खास गाडी आहे. तुमचं नुकसान दोन्हीकडे सारखंच, तरी संताप पहिल्या प्रसंगात कितीतरी जास्त. एसटीची वाट पाहत ज्यांनी दुपारी काढल्यात त्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्याला अडवलं गेलं याहून आपल्याला मुद्दाम अडवलं, हा अर्थ जास्त झोंबतो. आणि तो अर्थ आपण लावलेला असतो. रस्त्यावरच्या किती हाणामाऱ्या 'माझ्याकडे बघितलंसच का?' एवढ्यावरून सुरू होतात, ते आठवा.

आता वाफेकडे परत येऊ. अमेरिकी संशोधक ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६०० विद्यार्थी, निम्मे मुलगे, निम्म्या मुली. त्यांनी लिहिलेल्या निबंधाची आधी जाणूनबुजून खरडपट्टी काढली गेली. मग काहींनी त्या टीकाकाराला मनात आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारले. काहींनी व्यायाम म्हणून मारले. उरलेले दोन मिनिटं नुसते स्वस्थ बसले. नंतर टीकाकाराच्या कानात कर्कश आवाज सोडण्याची संधी सर्वांना दिली. सर्वांत जोरात सूड घेतला तो पहिल्या गटाने. सर्वांत कमी, काहीच न केलेल्या गटाने. पिशवीवर राग काढणाऱ्याने खरं तर रागाचा सराव केला होता. पैसे मोजून बाटल्या आणि टीव्ही फोडायच्या 'रेज रूम' आता आपल्या देशातही निघाल्यात. तिथे मजा येत असेल, येऊ द्या, पण तिला औषध म्हणू नका.

सरावाचा विषय निघालाच आहे, तर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्याविषयी बोलायला हवं. १९६१ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीतली ७२ मुलं त्यांनी घेतली, तीन ते सहा वर्षांच्या आतली. काहींच्या समोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारले, हातोडीने बडवलं. नंतर मुलांना छान खेळणी दाखवून ती काढून घेतली, म्हणजे मुलं जरा चिडली. मारहाण पाहिलेल्या मुलांनी बाहुल्याला तसंच, त्याच पद्धतीने, तेच शब्द उच्चारत बडवलं. बाहुला मार खाण्यासाठीच बनवलेला असतो, त्यावरून माणसांबद्दल काय सांगणार, असा आक्षेप घेतला गेला. आक्षेप रास्त आहे. पण मला बांडुरा यांचा १९६५चा पुढचा प्रयोग जास्त अस्वस्थ करतो.

यात मुलांना चित्रफीत दाखवली. काहींच्या चित्रफितीत मारणाऱ्याला बक्षीस मिळतं, काहींच्या चित्रफितीत शिक्षा होते, काहींच्यात काहीच होत नाही. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी अनुकरण कमी केलं. इथे थांबलो असतो तर आपण म्हटलं असतं, बघा, धाकाचा उपयोग होतो! पण नंतर मुलांना सांगितलं, त्याने काय काय केलं ते करून दाखवा, खाऊ आणि चिकटचित्रं मिळतील. तेव्हा गटागटांतला फरक मावळला. शिक्षा पाहिलेल्या मुलांनाही सगळं पाठ होतं. धाकाने फक्त ते दाखवायचं नाही, एवढं त्यांना शिकवलं होतं.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेतल्या छडीला बंदी केली, तेव्हा 'आम्ही मार खाऊनच घडलो' असं अभिमानाने सांगणारे मला पुष्कळ भेटले. त्यांतल्या कितीजणांनी पुढे आपल्या मुलांवर हात उचलला, हे मी त्यांना विचारत असे. बहुतेक जण हसून विषय बदलत.