जुन्या संगणकास नवें जीवन

लातूर व नांदेड हीं शिकणाऱ्या मुलांचीं शहरें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची दुरुस्ती थांबली; म्हणून घरचा धडधाकट संगणक अडगळींत टाकावा काय? मुळींच नको. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं आरंभिलेलें लिनक्स विनामूल्य मिळतें. त्याची आयएसओ फाईल उतरवून तिचा चेकसम अधिकृत आंकड्याशीं ताडावा. नुसती फाईल पेनड्राइव्हवर ठेवून भागत नाहीं. रुफससारख्या साधनानें ती लिहावी लागते, आणि त्यांत पेनड्राइव्हवरील पूर्वीचें सर्व पुसलें जातें. मग बूट मेनूंतून पेनड्राइव्ह निवडावा. उबुंटू प्रथम नुसतें चालवूनही पाहतां येतें. मात्र तें संगणकांत कायम बसविण्यापूर्वीं घरच्या छायाचित्रांची प्रत अन्यत्र ठेवावी. संगणक दुसरा मिळेल; आजोबांचें छायाचित्र दुसरें मिळणार नाहीं.