तरुणांच्या नावाने कोण बोलतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आंतरराष्ट्रीय परिषदेच्या व्यासपीठावर एखादी शाळकरी मुलगी उभी राहते, जगातील सत्ताधाऱ्यांना चार खडे बोल सुनावते, सभागृह टाळ्यांनी दुमदुमते, आणि ठराव मात्र पूर्वीच्याच भाषेत संमत होतात. हे दृश्य आता इतके परिचयाचे झाले आहे की त्यातील विसंगती कोणाला टोचेनाशी झाली आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवक वर्ष म्हणून पाळले. सुरक्षा परिषदेने डिसेंबर २०१५ मध्ये २२५० क्रमांकाचा ठराव करून शांतता व सुरक्षिततेच्या निर्णयांत तरुणांना स्थान द्यावे, असे आवाहन सदस्य राष्ट्रांना केले. तत्त्व मान्य झाले, व्यवहाराचे काय? हे तपासून पाहण्यास कॅनडाचे उदाहरण उद्बोधक आहे. त्या देशातील मुलामुलींनी जागतिक व्यासपीठांवर पुनःपुन्हा आवाज उठवला, आणि त्या आवाजाचे सरकारदरबारी काय झाले तेही सर्वांसमोर आहे.

तरुणांना वेगळे प्रतिनिधित्व हवेच कशाला, असा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. कॅनडात मताधिकाराचे वय १९७० मध्ये २१ वरून १८ वर आले. तेवढे पुरेसे नाही काय? याचे उत्तर अर्थशास्त्रातील एका साध्या हिशेबात दडलेले आहे. भविष्यातील लाभहानीची आजची किंमत काढताना वटाव धरण्याचा प्रघात आहे. शंभर डॉलरचे नुकसान पन्नास वर्षांनी व्हायचे असेल आणि दरसाल ५ टक्के वटाव धरला, तर आजच्या हिशेबात ते जेमतेम ९ डॉलरचे ठरते. म्हणजे आज तेलाच्या खाणीतून मिळणारा नफा पुरा मोजला जातो आणि त्यापायी उद्या येणारा दुष्काळ नाममात्र. तो दुष्काळ सोसणारा आज शाळेत असतो. त्याला न विचारता वटावाचा दर ठरतो आणि त्याच्या नावावर कर्ज चढते. म्हणून चर्चेच्या मेजावर त्याची बाजू मांडणारा कोणी असणे ही दयाबुद्धी नव्हे, न्याय आहे.

१९९२ च्या जूनमध्ये रिओ द जानेरो येथे पर्यावरण व विकास परिषद भरली, तेव्हा व्हॅनकूव्हरची बारा वर्षांची सेव्हर्न कलिस-सुझुकी तेथे बोलली. तिने आपल्या मैत्रिणींसह मुलांची एक पर्यावरण संघटना काढली होती आणि प्रवासाचा पैसा त्यांनी स्वतः गोळा केला होता. सहा-सात मिनिटांच्या त्या भाषणाने सभागृह स्तब्ध झाले. हवामान बदलविषयक करार स्वाक्षऱ्यांसाठी खुला झाला तो याच परिषदेत. पुढे क्योटो करारान्वये कॅनडाने २००८ ते २०१२ या काळात आपले उत्सर्जन १९९० च्या पातळीपेक्षा ६ टक्क्यांनी खाली आणण्याचे बंधन स्वीकारले आणि २००२ मध्ये त्यास संसदेची संमतीही मिळाली. प्रत्यक्षात उत्सर्जन वाढतच गेले, कारण अल्बर्टातील तेलवाळूच्या खाणींत भांडवल ओतले जात होते. रिओच्या टाळ्या आणि अल्बर्टाची गुंतवणूक यांचा एकमेकींना काडीचाही उपद्रव झाला नाही.

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. गालिचांच्या मागावरील वेठबिगारीतून सुटून तिच्याविरुद्ध बोलू लागलेला इक्बाल मसीह हा मुलगा १९९५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानात गोळीला बळी पडला. टोरोंटोजवळच्या थॉर्नहिल येथील बारा वर्षांच्या क्रेग कीलबर्गरने ही बातमी वृत्तपत्रात वाचली आणि शाळासोबत्यांसह ‘फ्री द चिल्ड्रन’ ही संघटना स्थापन केली. थोड्याच महिन्यांत तो दक्षिण आशियात आला. पंतप्रधान जाँ क्रेतियाँ तेव्हा उद्योगपतींचे शिष्टमंडळ घेऊन याच भागात व्यापारवृद्धीसाठी फिरत होते. त्या मुलाने बालमजुरीचा प्रश्न पत्रकारांपुढे मांडला आणि अखेर पंतप्रधानांना त्याची भेट घ्यावी लागली. व्यापाराच्या वाटाघाटीत श्रमिक मुलांचा विषय घुसवणे ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु पुढची वाटचाल पाहावी. चळवळीची संस्था झाली, संस्थेला व्यापारी अंग जोडले गेले, आणि ‘वी चॅरिटी’ या नव्या नावाने ती सरकार व मोठ्या कंपन्या यांच्या निकटची झाली. २०२० मध्ये विद्यार्थ्यांच्या स्वयंसेवेसाठी आखलेली एक मोठी सरकारी अनुदान योजना चालविण्याचे काम स्पर्धेविना तिच्याकडे गेले. पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांच्या आई व भावाला संस्थेच्या कार्यक्रमांतील भाषणांबद्दल मानधन मिळाले होते, हे उघड होताच गदारोळ झाला, संस्थेने काम सोडले आणि ऑगस्टमध्ये अर्थमंत्री बिल मॉर्नो पायउतार झाले. नीतिमत्ता आयुक्तांनी २०२१ मध्ये मॉर्नो यांना नियमभंगाबद्दल दोषी धरले, पंतप्रधानांना नाही. येथे प्रश्न एखाद्याच्या सचोटीचा नसून रचनेचा आहे. ज्या मजूर मुलांच्या नावाने संघटना उभी राहिली, त्यांच्या हाती तिचा लगाम कधीच नव्हता. जिला खालून कोणी जाब विचारीत नाही, ती संस्था हळूहळू वरच्यांच्या कलाने चालू लागते. त्यासाठी कोणी वाईट असावे लागत नाही.

तिसरा प्रसंग डर्बनचा. ७ डिसेंबर २०११ रोजी तेथील हवामान परिषदेत कॅनडाचे पर्यावरणमंत्री पीटर केंट भाषणाला उभे राहताच सहा कॅनेडियन तरुण उठले आणि त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले. ‘कॅनडाकडे पाठ फिरवा’ असे शब्द त्यांच्या सदऱ्यांवर होते. सभागृहातील अनेकांनी त्यांना टाळ्या दिल्या. अधिकाऱ्यांनी त्यांना बाहेर काढले. पाचच दिवसांनी, १२ डिसेंबरला, कॅनडा क्योटो करारातून बाहेर पडत असल्याचे केंट यांनी ओटावात जाहीर केले. सरकारने निवडून नेलेला तरुण अशी पाठ फिरवू शकला असता काय? हे तरुण सरकारी शिष्टमंडळाचे नव्हते, स्वतंत्र युवक संघटनेचे होते. म्हणून फिरवू शकले. मात्र सभागृहात पाठ फिरवणाऱ्यांच्या मागे देशात मतदारसंघ नसेल, तर सरकारलाही त्यांच्याकडे पाठ फिरवणे सोपे जाते.

आता चौथे उदाहरण. ओंटारिओतील मॅनिटूलिन बेटावरची ऑटम पेल्टिए ही विक्वेमकूंग या मूळनिवासी समाजाची मुलगी. तिची आजेमावशी जोसेफीन मँडॅमिन हिने पाण्याच्या रक्षणासाठी उत्तर अमेरिकेतील महासरोवरांभोवती पायी प्रदक्षिणा घातल्या होत्या. डिसेंबर २०१६ मध्ये, तेलवाहिन्यांना मंजुरी मिळून आठवडाही झाला होता न झाला तोच, बारा वर्षांच्या ऑटमने ट्रूडो यांना तोंडावर सांगितले की त्यांचे निर्णय तिला मान्य नाहीत. पाण्याचे रक्षण करण्याचे आश्वासन त्यांनी दिले. २२ मार्च २०१८ रोजी ती संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलली. दोन महिन्यांनी सरकारने ट्रान्स माउंटन ही तेलवाहिनी ४.५ अब्ज डॉलरला विकत घेतली. पंतप्रधानांनी स्वतः नेमलेल्या युवक मंडळातील काही आजीमाजी सदस्यांनीही याला जाहीर विरोध केला. तिचे विस्तारकार्य २०२४ मध्ये पुरे होईपर्यंत खर्च सुमारे ३४ अब्जांवर गेला.

एवढी रक्कम तेलासाठी निघते त्या देशात ओंटारिओच्या नेस्कांटागा वस्तीला १९९५ पासून पाणी उकळून पिण्याची सूचना होती. २०२० मध्ये, पंचवीस वर्षांनीही, पाण्यापायी तेथील लोकांना घरे सोडून निघावे लागले. अशा सर्व दीर्घकालीन सूचना मार्च २०२१ पर्यंत हटविण्याचे सरकारी वचन पाळले गेले नाही. व्हॅनकूव्हरच्या सुखवस्तू घरातील मूल आणि नेस्कांटागाचे मूल यांचे वय एक असेल, परंतु हित एक नाही. तरुण हा वर्ग नव्हे, हे समाजवाद्यांनी तरी विसरता कामा नये. ‘तरुणांचा आवाज’ या मोघम शब्दाखाली बहुधा ज्याच्यापाशी भाषा, पारपत्र आणि तिकिटाचे पैसे आहेत त्याचाच आवाज ऐकू येतो.

ऑटमचे वेगळेपण तिच्या वक्तृत्वात शोधू नये. जोसेफीन मँडॅमिन यांच्या निधनानंतर २०१९ मध्ये अनिशिनाबेक राष्ट्राने तिची मुख्य जल-आयुक्त म्हणून नेमणूक केली. तिला बोलावणारे न्यूयॉर्कचे यजमान होते. पाठवणारे मात्र तिचे लोक होते. बोलावणे आले म्हणून जो जातो तो पाहुणा, आणि लोकांनी पाठवले म्हणून जो जातो तो प्रतिनिधी. पाहुण्याला टाळ्या मिळतात. प्रतिनिधीला घरी परतल्यावर जाब द्यावा लागतो.

तेलवाहिनी ऑटमलाही थांबवता आली नाही, हे खरे. जनादेश म्हणजे विजय नव्हे. परंतु जनादेश असला की पराभवानंतरही काम करणारी माणसे शिल्लक राहतात. मूळनिवासी समाजांनी पाण्याचा प्रश्न न्यायालयात नेला आणि २०२१ मध्ये सरकारला ८ अब्ज डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. तो पैसा भाषणाने आला नाही. गावोगावच्या पंचायतींनी एकत्र येऊन लढलेल्या दाव्याने आला.

युवक आघाडीचा एखादा कार्यकर्ता उद्या परिषदेला निघेल तेव्हा त्याच्या भाषणाचा मसुदा तपासण्याआधी त्याला विचारावे : तुला कोणत्या सभेने निवडले, वाटखर्च कोणी दिला, आणि परतल्यावर वृत्तान्त कोणापुढे ठेवणार आहेस? याची उत्तरे त्याच्यापाशी असतील, तर त्याचे भाषण अडखळत झाले तरी चालेल.