आपलं मढं, त्यांचा धंदा
(लातूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी नांदेडचा. तुम्ही लातूरला ट्यूशनसाठी आलेले. रात्री खोलीवर दिवा मालवला की कानात इअरफोन घालून खुनाच्या गोष्टी ऐकता. ट्रू क्राइम पॉडकास्ट म्हणतात त्याला. आधी भीतीचं संगीत, मग रक्त, मग जाहिरात. ऐका, माझी ना नाही. पण मेलेला माणूस आपला असला की गोष्ट कशी सांगतात, तेवढंच बोलतो.

खैरलांजी घ्या. 29 सप्टेंबर 2006. एका बौद्ध घरातली आई, मुलगी, दोन मुलगे मारले. सुरुवातीला बातमी काय पसरली? अनैतिक संबंध! जमिनीचा वाद, मायलेकींनी पोलिसांना नावं सांगितल्याचा राग, मान ताठ ठेवल्याचा राग, सगळं त्या दोन शब्दांखाली गाडलं. 2008 साली भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी दिली, 2010 साली हायकोर्टाने ती 25 वर्षांच्या कैदेवर आणली. अॅट्रॉसिटीचं कलम दोन्हीकडे लागलं नाही. जात गोष्टीतून गेली की निकालातूनही जाते!

आणि आपण? राग पेटावा म्हणून प्रेतांचे फोटो हातोहात फिरवले. माय-बहिणीची विटंबना दाखवल्याशिवाय आपल्याला राग येत नसेल, तर तो राग काय कामाचा?

आमच्या जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळ्यांना ऑगस्ट 1978 मध्ये नामांतराच्या दंगलीत मारलं. त्यांचं नाव आपण छातीठोक घेतो. घ्यायलाच पायजे. ते शहीदाचं नाव आहे. पण प्रत्येक नाव तसं नसतं. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, देश पेटला. त्यातून 1983 चा कायदा आला. बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं तेव्हापासून गुन्हा. आज भारतीय न्याय संहितेचं कलम 72, दोन वर्षांपर्यंत कैद. गाव, नातं, शाळा सांगून नाव झाकलं म्हणणं ही लबाडी आहे.

नांदेडजवळ बोंढार हवेलीत 1 जून 2023 ला आपला एक पोरगा मारला. भीमजयंती केल्याचा राग, असं घरचे सांगतात. अशा खटल्यात साक्षीदार त्याच गावात राहतो, त्याच पाणवठ्यावर जातो. अॅट्रॉसिटी कायद्याचं 15-अ कलम त्याला संरक्षण देतं, आणि कोणी दीडशहाणा माइकपुढे त्याचं घर सांगून मोकळा होतो! साक्षीदार फुटला तर आरोपी सुटतो. गोष्ट मात्र लाखो लोक ऐकतात.

म्हणून गोष्ट आपणच सांगा. मोबाईल तुमच्या हातात आहे. आधी त्या घरी जा, विचारा. नको म्हणाले तर परत या. हो म्हणाले तर जखमा मोजू नका. जात सांगा, फिर्याद कधी घेतली ते सांगा, कोणतं कलम लावलं, कोणतं गाळलं ते सांगा. तारखेला कोर्टात बसा. मढ्यावर जाहिरात घेऊ नका.

आपली माणसं करमणुकीसाठी मेली नाहीत.

जयभीम!